मोरपंखी थाप

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी इथूनच मागं फिरावं. "लोकेशन पाठवा", "फोटो टाका" असलं खाली लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. फोटो आहे. दाखवणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही. गेल्या वर्षीची खंडेनवमी, जिला बेंगळुरात आयुधपूजा म्हणतात. भर दुपार. येलहंक्याच्या पुढं, देवनहळ्ळीच्या वाटेवरची एक पत्र्याची शेड. बाहेर लख्ख ऊन.

ज्यांच्यावर बेतली ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नाव पद्माकर. मूळचे निपाणीकडचे. जुने, मेलेले ट्रक पुन्हा उभे करतात.

पत्रा ठोकणारे गल्लोगल्ली मिळतात. दाजींचं नाव आहे ते इंजिनाच्या रंगासाठी.

जुन्या ट्रकचं इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा कुठल्या रंगाचं होतं, हे शोधणं म्हणजे डोकेदुखी. जुनं पुस्तक एक सांगतं, इंटरनेटवरचे शहाणे दुसरं. एकाच मॉडेलचं इंजिन एका साली राखाडी निघतं, पुढच्या साली हिरवट. वरून प्रत्येक मालकानं आपापला डबा ओतलेला. तेल आणि उष्णता मिळून उरलासुरला रंग तपकिरी करून टाकतात. मग लोक काय करतात? चकचकीत लाल फासतात आणि 'ओरिजिनल' म्हणून मिरवतात. असल्यांना इंजिनाखाली झोपवून वरून काळं तेल सोडायला हवं.

दाजींची रीत वेगळी. जिथं ऊन पोचत नाही, तेल पोचत नाही, तिथं ते बघतात. पंपाच्या मागं. नाहीतर इंजिनावर नंबराची पत्र्याची पट्टी असते, रंगवताना लोक ती काढून ठेवतात, तिच्या खाली. तिथं नाण्याएवढी जागा हळूहळू घासायची. एकेक थर सुटतो. झाड कापल्यावर खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसायला लागतात. सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे जन्माचा रंग.

घासताना ते पुटपुटतात...

"येऊ दे... येऊ दे..."

खालचा रंग वर येऊ दे, अशा अर्थानं. शेडमधली कानडी माणसंसुद्धा त्यांची नक्कल करायची.

लोकांना वाटायचं, केवढा हा चोखंदळपणा. चोखंदळपणा कसला डोंबलाचा. दाजी सगळं आयुष्य एकच इंजिन शोधत होते.

त्यांचा थोरला भाऊ विलास. दाजी शाळेत जायचे तेव्हा तो निपाणीकडच्या एका खडी क्रशरवर टिपरचा क्लीनर होता. टिपर म्हणजे खडी ओतणारा, लोखंडी बॉडीचा ट्रक. तो मागं घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. क्लीनर मागं उभा राहून ओरडतो. ट्रक हवा तिथं आला की मागच्या फाळक्यावर तळहातानं एक थाप मारतो. थाप पडली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा. त्या एका थापेवर क्लीनरचा जीव.

खंडेनवमीला आपल्यात हत्यारं, यंत्रं पूजतात. चालवत नाहीत. क्रशरच्या मालकाला तेवढीही चाड नव्हती. सकाळी नारळ फोडला आणि दुपारी टिपर जुंपला.

टिपर मागं आला. विलास फाळका आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

मालक म्हणाला, पोरानं थाप दिलीच नाही. डुलकी लागली असेल. ड्रायव्हरनं मान डोलावली. गावानंही तेच धरलं. मेलेल्याला दोष देणं सगळ्यात सोयीचं. तो काही भांडायला येत नाही.

टिपर दुसऱ्या दिवशी तिथं नव्हता. घाईघाईनं दुसरा रंग मारून, नंबर बदलून कुठंतरी विकला गेला.

पण एक खूण होती. विलासनं त्याच सकाळी पूजेसाठी इंजिन रंगवलं होतं. शाळेच्या खिडक्यांचा उरलेला निळा आणि तालमीच्या दाराचा उरलेला हिरवा, करवंटीत कालवून. त्यातून झालेला मोरपंखी कुठल्याच कंपनीच्या कार्डावर नाही. त्याच रंगाचा एक हात त्यानं घरातल्या आपल्या पत्र्याच्या पेटीलाही दिला होता.

पेटी अजून आहे. दाजींच्या येलहंक्याच्या घरात, कस्तुराबाईंच्या खाटेखाली. कस्तुराबाई म्हणजे दाजींच्या आई. खूप थकल्यात, पण कान तिखट. रस्त्यावर कंडक्टरनं बसवर हात आपटला तरी बोलता बोलता थांबतात.

"हात रंगला हुता त्याचा," त्या सांगायच्या. "मी रॉकेलनं पुसला, तरी रंग निघंना. विल्या झोपणारा न्हवता. त्यानं थाप दिली असणार. दिली का न्हाई, एवढं कळू दे. मग मी जाते."

घरात हे इतक्या वेळा ऐकलंय की माझी भाचरंसुद्धा पुढचं वाक्य आधी म्हणायची.

म्हणून दाजी या धंद्यात आले. प्रत्येक जुन्या टिपरच्या पट्टीखाली मोरपंखी दिसतोय का बघायला. टिपर सापडून पुढं काय होणार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग तनय आला. पुण्याचा पोरगा, मारतहळ्ळीला आयटीत. देवनहळ्ळीपलीकडच्या एका बंद खाणीतून त्यानं गंजका टिपर उचलला होता.

"काका, इंजिन मला रेड हवंय. ग्लॉसी. ओरिजिनल रेडच होतं, मी ग्रुपवर कन्फर्म केलंय."

"ग्रुपवरचं कोण बाळंतपणाला होतं?" दाजी म्हणाले.

"म्हणजे?"

"हे इंजिन जन्मताना बघितलेला कोण आहे का तुमच्या ग्रुपवर?"

तनय हसला. "बरं बाबा, तुम्ही बघून सांगा. पण लवकर, प्लीज."

टिपर शेडमध्ये उलटा ढकलत आत घेतला. पुढं दाजी आणि चार माणसं जोर लावत होती. मागं मल्लाप्पा होता. दाजींचा जुना फिटर, विजापूरकडचा. तो इथल्या रीतीनं कानडीत ओरडत होता. "बरली... बरली..." म्हणजे येऊ दे.

मध्येच मल्लाप्पा गप्प झाला.

टिपर भिंतीपासून खाटेच्या अंतरावर थांबला. मल्लाप्पा घाम पुसत पुढं आला.

"अण्णा, तुम्ही पुढंच होता न्हवं?"

"होय की. का?"

"मग मागं मराठी कोण बोललं?"

दाजींनी त्याच्याकडं बघितलं. "कबुतर असेल. पत्र्यावर लई झालेत."

"कबुतर 'येऊ दे' म्हणतंय काय?"

बाकीचे हसले. मल्लाप्पा हसला नाही.

शेडची फरशी दाराकडं उतरती आहे, पाणी बाहेर जावं म्हणून. म्हणजे टिपर घरंगळला असता तर पुढं, दाराकडं. म्हणून पुढच्या चाकांना दगड लावले. इंजिन काढून दाराजवळ लोखंडी स्टँडवर ठेवलं. आता टिपर म्हणजे नुसता सांगाडा.

पहिल्या दिवशी टिपर आणि भिंत यांच्यामध्ये खाट मावत होती.

दोन-तीन दिवसांनी मल्लाप्पा तिथं खुर्ची टाकून डबा खायला गेला. खुर्ची जेमतेम बसली.

मग एके दिवशी खुर्चीही बसेना...

"टिपरला भिंत आवडली अण्णा," मल्लाप्पा म्हणाला. आवाजात गंमत नव्हती.

दाजींनी फरशीवर पाण्याचा तांब्या ओतून बघितला. पाणी दाराकडं गेलं. उतार होता तसाच होता.

त्यांनी मागच्या चाकांनाही दगड लावले. घरी कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमी उजाडली. पाने, हातोडे, ग्राइंडर, सगळं धुऊन ओळीनं मांडलं. झेंडू, हळद-कुंकू. मल्लाप्पानं दगड काढून टिपरच्या चारी बाजूंच्या चाकांखाली लिंबं ठेवली. इथली ती रीतच. गाडी लिंबावरून पुढं न्यायची. पण इंजिनच नसलेली गाडी कोण नेणार? लिंबं तशीच राहिली. प्रसाद घेऊन दुपारपर्यंत सगळे घरी गेले. दगड पुन्हा लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दाजी राहिले.

पट्टी राहिली होती ना. मल्लाप्पानं आदल्या दिवशीच तिचे स्क्रू काढून ठेवले होते. उद्या बघू म्हणून दाजी रात्रभर तळमळले होते. आता हत्यार उचलायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं. पॉलिशपेपरला हात लावला नाही. चिंधी घेतली, थिनरमध्ये बुडवली आणि पट्टी सरकवून अंगठ्यानं घासायला लागले.

"येऊ दे..."

वरचा तपकिरी सुटला. खाली चंदेरी.

"येऊ दे... येऊ दे..."

चंदेरी गेला. खाली काळा. कच्चा, घाईत मारलेला. चिकट होऊन चिंधीला आला.

आणि काळ्याच्या खाली...

मोरपंखी.

दाजी खाली बसले. पेटीचा रंग त्यांनी लहानपणापासून बघितलेला. कार्ड लावून जुळवायची गरज नव्हती. निळ्यात हिरवा नीट कालवलेला नव्हता, बारीक रेघा राहिल्या होत्या. पेटीवर राहिल्यात तशाच.

त्यांना रडू यायला हवं होतं. आलं नाही. कारण तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं...

आवाज बंद झाले होते.

हायवे जवळ आहे. आयुधपूजेला हार घातलेल्या गाड्या हॉर्न वाजवत जातात. एकही नाही. पत्र्यावर कबुतरं नाहीत. पलीकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, सकाळपासून गाणी लागली होती. ती नाहीत. चिंधीतून थिनर फरशीवर ठिबकत होतं, त्याचासुद्धा आवाज येत नव्हता.

मग टिपरच्या मागून...

"येऊ दे..."

शांतपणे. कामावरचा माणूस म्हणतो तसं.

दाजी भित्रे नाहीत. आणि त्यांना भीती वाटलीही नाही, हे ते आजही सांगतात. त्यांना एकच वाटलं. विल्या आलाय.

"दादा?" म्हणत ते टिपरच्या बाजूनं मागं गेले. भिंत आणि फाळका यांच्यामध्ये अंग आडवं करूनच शिरता येत होतं. ते शिरले. पाठ भिंतीला, छाती फाळक्याकडं.

तिथं कुणी नव्हतं. कुबट थंडावा होता, विहिरीत उतरल्यासारखा.

"येऊ दे..."

आता आवाज कानाशी आला.

आणि टिपर हलला.

इंजिन नाही. ढकलणारा नाही. चढावर, मागं. फाळका दाजींच्या छातीला टेकला. आधी नुसता टेकला. मग दाबायला लागला. त्यांनी सरकून बाहेर पडायचं बघितलं, पण खांदा अडकला होता. श्वास आत घेतला तो बाहेर सोडायला जागा उरली नाही.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

ओरडायला छातीत हवा नव्हती. उजवा हात तेवढा मोकळा होता. दाजींना काय करायचं ते सुचलं नाही. हातानं आपोआप केलं.

फाळक्यावर थाप मारली.

टिपर थांबला.

हायवेवर हॉर्न वाजला. कबुतरं फडफडली. गाणी सुरू झाली, मध्येच, एखादं दार उघडावं तशी.

टिपर बोटभर पुढं सरकला असावा, कारण खांदा सुटला. दाजी बाहेर पडायला वळले आणि फाळक्याकडं त्यांचं लक्ष गेलं.

हात थिनरनं ओला होता. थाप पडली तिथला वरचा रंग मऊ होऊन ओघळत होता. तपकिरी, चंदेरी, काळा. आणि त्याखालून वर येत होता...

एक पंजा. मोरपंखी.

दाजींच्या पंजाच्या जागीच, पण तो दाजींचा नव्हता. बोटं बारीक होती.

हातात चिंधी होतीच. तिथंच उभं राहून त्यांनी फाळका पुसायला सुरुवात केली. पळून जायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. विचार करा, नुकतीच छाती चेपलेला माणूस त्याच फटीत उभा राहून पुसतोय.

पहिल्या पंजाच्या शेजारी दुसरा निघाला. त्याच्यावर तिसरा, अर्धवट. मग त्याच्या खाली एक. आणखी खाली एक. जसजसे खाली जावे तसतसे पंजे पुसट, वेडेवाकडे. शेवटचा तर पंजाच नव्हता. चार बोटांच्या रेघा, फाळक्याच्या तळापर्यंत ओढत गेलेल्या.

विलासनं थाप दिली होती.

एक नव्हे. हात चालत होता तोवर दिली होती.

आणि मालकानं हे बघितलं होतं. बघितल्याशिवाय काळा रंग का मारला? इंजिनाला मारला, फाळक्याला मारला. ज्यानं हे झाकलं तो पुढं आपल्या बिछान्यात, बायकापोरांत मेला. असल्या माणसांच्या मानगुटीवर भुतं का बसत नाहीत, ते मला कुणीतरी सांगावं.

दसऱ्याच्या सकाळी दाजींनी आईला रिक्षानं शेडवर आणलं. मल्लाप्पानं आणि चौघांनी टिपर ओढून दाराबाहेर उन्हात घेतला होता. म्हातारीला एका बाजूनं बहिणीनं धरलं होतं, एका बाजूनं मी. मी हे डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितोय.

कस्तुराबाईंना दिसत कमी. त्यांनी फाळक्यावर हात फिरवला. खालच्या रेघांपाशी हात थांबला. चार बोटं चार रेघांवर ठेवली.

"किती हायत रं?"

"लई हायत आई."

"म्हंजे झोपला न्हवता."

"न्हवता."

मग म्हणाल्या, "मला ठावंच हुतं," आणि पदरानं फाळका पुसल्यासारखं केलं, पोराचं तोंड पुसावं तसं.

दाजींना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. "आई, मी त्याचा आवाज ऐकला. माझ्या कानाशी. 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होता."

कस्तुराबाईंनी हात काढून घेतला.

"कोण म्हनत हुता?"

"दादा."

"न्हाई." त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर तुझ्या बापाच्या वयाचा. विल्या त्येला मामा म्हनायचा. 'येऊ द्या मामा, येऊ द्या.' मी भाकरी घिऊन जायाची की क्रशरवर, कानांनी ऐकलंय. 'येऊ दे' असं अरेतुरे विल्यानं कवा केलं न्हाई."

मल्लाप्पानं खाली बघितलं.

"मग ते कोण?" दाजींनी विचारलं.

"मला काय ठावं." मग म्हातारी हळूच म्हणाली, "पन तो शब्द तुझ्या तोंडात कसा रं? रंग घासताना तू त्येच म्हनतूस."

"दादाकडनं शिकलो."

"विल्याकडनं न्हाई शिकलास."

मग कुणाकडनं, ते दाजींना खरंच आठवत नाही. क्रशरवर आपण कधी गेल्याचंही त्यांना आठवत नाही.

विलास मागं उभा राहून थापांवर थापा मारत होता. त्याच वेळी ड्रायव्हरला आणखी कुणीतरी सांगत होतं, येऊ दे. थापेपेक्षा मोठ्या आवाजात. ड्रायव्हरनं ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकलं. माणूस होता की आणखी काही, ते मला माहीत नाही. पण शेडमधल्या आवाजाला दाजींना चिरडायचंच होतं, याची मला खात्री आहे. आणि टिपर थांबवला तो त्या आवाजानं नव्हे.

तनयला दाखवलं. त्यानं पंजे बघितले. मग म्हणाला, "काका, रेड नको. काहीच नको. तुम्हीच ठेवा." टिपर दाजींकडंच आहे, उघड्यावर, भिंतीपासून लांब. इंजिन मोरपंखीच ठेवलंय. दाजी अजून रंग शोधून देतात, पण घासताना तोंडात सुपारी धरतात. म्हणजे काही बोलायला नको.

कस्तुराबाई गेल्या नाहीत. "आता आनी एक कळायचं ऱ्हायलंय," म्हणतात.

आणि माझं. मी मारतहळ्ळीला राहतो. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात पार्किंग आहे. मागच्या आठवड्यात, संध्याकाळी, गाडी मागं घेत होतो. कॅमेऱ्यात भिंत दिसत होती. मागं कुणी नव्हतं. वॉचमन नेपाळी आहे, तो वर गेटवर होता.

काच खाली होती...

"येऊ दे..."

माझा पाय ब्रेकवर होता. तरी गाडी मागं चालली होती.

मी थापेची वाट बघितली. पडली नाही. विलास तिकडं दाजींच्या टिपरपाशी असेल, माझ्या गाडीमागं कशाला येईल? मी हँडब्रेक ओढला आणि दार उघडून तसाच पळालो.

तेव्हापासून मी गाडी सरळ तोंडानंच लावतो. पण बाहेर काढताना ती मागं घ्यावीच लागते. रोज सकाळी...